स्नेहसंमेलनाची तिथी



संक्रांत सरली की आपल्या बाजारपेठेतील दुकानांच्या पायऱ्या शाळांचे गुरुजी चढू लागतात. हातात पावतीपुस्तक, बोलण्यात थोडा संकोच आणि मागणी ठरलेली: स्नेहसंमेलनासाठी काही मदत व्हावी. कोणी ध्वनिक्षेपकाचा खर्च उचलतो, कोणी बक्षिसाच्या वह्या देतो, कोणी मुलांच्या खाऊचे पाहतो. आमच्या घरात ही पद्धत वडिलांपासून चालत आली. गल्ल्यावर बसून पावती घ्यायची, संमेलनाच्या संध्याकाळी फेटा बांधून घ्यायचा, शाल-श्रीफळ स्वीकारायचे, चार शब्द बोलायचे आणि रात्री घरी परतायचे. या रीतीत काही उणे आहे, असे मला वयाच्या साठीपर्यंत वाटले नव्हते. ते कसे वाटू लागले, एवढेच आजच्या लेखात सांगायचे आहे.

आमचे किराणा दुकान पाथर्डी तालुक्यातील एका बाजारगावात आहे. गावापासून काही अंतरावर, गर्भगिरीच्या उतारावर एक वस्ती आहे आणि तेथे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्या शाळेच्या संमेलनाला मी प्रमुख देणगीदार म्हणून गेलो होतो. मुलांच्या पोशाखांचा खर्च आमच्या दुकानाने केला होता. पोशाख नगरहून भाड्याने आणलेले. मुलांनी कोळीगीतावर नाच केला, एका चित्रपटगीतावर केला आणि शेवटी लावणी झाली. ज्या डोंगरात पावसाळा सोडला तर वाहते पाणी दिसत नाही, तेथील मुले होडी वल्हवीत होती. टाळ्या भरपूर पडल्या. मीही वाजवल्या.

मग बक्षीस समारंभ सुरू झाला. वाचनस्पर्धेत तिसरीतील एका मुलीचा पहिला क्रमांक आला होता. निवेदन करणाऱ्या गुरुजींनी प्रथेप्रमाणे पुकारले, "विद्यार्थिनीने आपल्या पालकांसह मंचावर यावे." मुलगी एकटीच आली. माझ्या हातात बक्षिसाचा डबा होता. मी सहज विचारले, "बेटा, तुझे आईबाबा कुठे बसलेत?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कारखान्यावर." पुढच्या रांगेत थोडे हसू पिकले. पुढची मुले येत गेली, तीही बहुतेक एकटीच. तेव्हा प्रथमच मी मंचावरून समोर नीट पाहिले. खुर्च्यांवर सरपंच, आम्ही व्यापारी, पाहुणे आणि शेजारच्या शाळांचे शिक्षक. सतरंजीवर म्हातारी माणसे आणि लेकरे. तिशी-चाळिशीचे चेहरे मोजायला एका हाताची बोटे पुरली असती. मागच्या पडद्यावर मात्र ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘पालकांचे हार्दिक स्वागत’.

कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीची आजी माझ्याजवळ आली. आमच्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक. म्हणाली, "शेठ, तुमच्या फोनात आमच्या पोरीचा फोटू निघाला का? पट्टा पडला की तिची आई येईल दुकानात, तिला दावा तेवढा." साखर कारखान्याचा हंगाम संपण्याला ऊसतोड करणारी माणसे ‘पट्टा पडला’ म्हणतात. मी फोन उघडून पाहिला. त्या संध्याकाळचे अकरा फोटो होते. फेटा बांधताना मी, शाल घेताना मी, दीप लावताना मी, भाषण करताना मी. मुलीचा एकही नव्हता. एका फोटोत बक्षीस देताना तिचा हात तेवढा आला होता.

त्या रात्री मी कोणाला काही बोललो नाही. पण ते अकरा फोटो मनातून गेले नाहीत.

आपल्या जिल्ह्याची रचना आपण सारे जाणतो. उत्तरेला प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांवर उसाचे मळे उभे राहिले. लोणी-प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. महाराष्ट्राच्या सहकारी साखर उद्योगाचा पाया तेथे घातला गेला. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे अवर्षणाचे तालुके आहेत. एका टोकाला ऊस पिकतो आणि दुसऱ्या टोकाची माणसे तो तोडायला जातात, कधी जिल्ह्यातच, कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी थेट कर्नाटकात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्या कोयत्याच्या नावावर आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, आधीच घेतलेली असते. ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने फडात, उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायचे. गाळप संपते ते मार्च-एप्रिलच्या सुमारास.

आता शाळेचे वर्ष यावर ठेवून पाहावे. जूनच्या मध्यास शाळा भरते तेव्हा आईवडील घरी असतात. दिवाळीची सुट्टी लागते त्या सुमारास ते निघतात. संमेलन, क्रीडास्पर्धा, बक्षिसे, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे सारे त्यांच्या माघारी होते. ते परततात तेव्हा वार्षिक परीक्षा आलेली असते किंवा उन्हाळी सुट्टी लागलेली असते. म्हणजे ज्या कुटुंबांच्या मुलांनी शाळा भरते, त्यांना आपले मूल मंचावर उभे राहिलेले कधीच दिसत नाही. पोशाखात कसर नव्हती, ध्वनिक्षेपकात नव्हती. चूक तिथीची होती.

पुढच्या जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला मला निमंत्रित म्हणून बोलावले गेले. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. कायदा चांगला आहे. पण ऊसतोडीच्या गावात समितीचे निम्मेअधिक सदस्य अर्धे वर्ष गावात नसतात आणि त्या काळातील निर्णय उरलेले लोक घेतात. संमेलनाची तारीख हा त्यांपैकीच एक निर्णय.

बैठकीत मी विचारले, संमेलन दिवाळीआधी घेता येणार नाही काय? मुख्याध्यापक बाईंनी शांतपणे अडचणी सांगितल्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो. पहिल्या सत्राची परीक्षा असते. मुलांची तयारी झालेली नसते. हे सगळे खरेच होते. मग त्या किंचित थांबून म्हणाल्या, "आणि शेठजी, खरं सांगू का, त्या दिवसांत तुम्हा लोकांना वेळ नसतो. संक्रांतीनंतर बाजार थंडावतो, म्हणून आम्ही फेब्रुवारी धरतो."

वाचकहो, मी निरुत्तर झालो. तिथी आमच्या सोयीने ठरत होती! दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस आम्हा व्यापाऱ्यांचे कमाईचे. आणि त्या दिवसांत आमच्या दुकानात गर्दी कोणाची असते? गावातून निघण्यापूर्वी पाच-सहा महिन्यांचे तेल, मीठ, मसाला, चहा-साखर, लेकरांचे कपडे घेणाऱ्या याच कुटुंबांची. उचलीची रक्कम हातात पडते ती बऱ्याच अंशी आमच्या पेढीवर येते. पावसाळ्यात चढलेली उधारी तीतून वळती होते. ज्यांच्या खरेदीवर आमची दिवाळी साजरी होते, त्यांच्या लेकरांचे संमेलन आम्ही आमच्या रिकाम्या वेळात बसवले होते आणि त्या संमेलनाला हजार-पाच हजारांची देणगी देऊन फेटाही बांधून घेतला होता.

दान करणे आपल्याला शिकवावे लागत नाही. पण दानात आपण सहसा तेच देतो जे देताना आपल्याला खुपत नाही. हंगामाच्या दिवसांतील एक संध्याकाळ दुकान बंद ठेवणे मला खुपले. मोठ्या मुलाने स्पष्ट विरोध केला. म्हणाला, "बाबा, पैसे दुप्पट द्या, पण त्या आठवड्यात शटर ओढू नका." त्याचे म्हणणे हिशेबाला धरून होते. दोन दिवस घरात याच विषयावर बोलणे चालले. शेवटी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पर्युषणात आपण दुकान लवकर बंद करतो, तेव्हा गिऱ्हाईक तुटतं का?" त्यावर विषय मिटला.

त्या वर्षी संमेलन दिवाळीच्या पंधरा दिवस आधी झाले. तयारीला वेळ थोडा होता, म्हणून भाड्याचे पोशाख आणण्याचे आपोआपच राहून गेले. बाईंनी एक युक्ती केली. प्रत्येक मुलाला सांगितले, घरात आजी-आजोबांना जे येते ते त्यांच्याकडून शिकून या. आणि मग त्या वस्तीतून काय काय निघाले! एका आजीने जात्यावरच्या ओव्या शिकवल्या. दुसरीने पेरणी-खुरपणीच्या वेळी म्हणायची भलरी गीते. मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेत डफ वाजवणारे एक आजोबा स्वतः डफ घेऊन आले आणि त्यांचा नातू त्यांच्या शेजारी उभा राहिला. मोहटादेवीच्या नवरात्रातील गाणी मुलींनी म्हटली. एका मुलाच्या वडिलांनी मंचावर उसाची मोळी कशी बांधतात ते बांधून दाखवले. ती डोक्यावर घेऊन शिडीच्या फळीवरून गाडीत कशी चढवतात, हे मुलाने सांगितले. ते पाहताना खुर्च्यांवरची माणसे गप्प झाली.

आमच्या वाट्यालाही एक काम आले. बाईंनी विचारले, "शेठजी, तुमच्या घरचे जुने काही नाही का?" मी आजोबांच्या काळातील एक लाल कापडी बांधणीची वही नेली. मुलांनी तसली लांबट वही पूर्वी पाहिलेली नव्हती. जमा आणि नावे म्हणजे काय, उधारी कशी मांडतात, पाडव्याला नवी वही का पूजतात, हे सांगितले. मग पावकी, निमकी, दिडकीचे पाढे म्हणून दाखवले. चौथीतील मुले कागद-पेन्सिल घेऊन माझी परीक्षा पाहू लागली. मैदानाच्या कडेला मुलांनी बालबाजार भरवला होता. भाजी, शेंगा, चिंचा, घरी केलेल्या पापड्या. एका मुलीने माझ्याकडून दहा रुपये घेऊन तीन रुपये परत देण्याऐवजी दोनच दिले आणि हिशेब दाखवल्यावर हसत एक रुपया काढून दिला. व्यापाऱ्याच्या मुलांनी जे गल्ल्यावर बसून शिकायचे, ते ती मुले शाळेच्या मैदानात शिकत होती.

पाऊस आला. मांडवाच्या एका कोपऱ्यात पाणी साचले, अर्धा तास वीज गेली. त्या अर्ध्या तासात बायकांनी अंधारातच ओव्या चालू ठेवल्या. मुख्य म्हणजे सतरंजीवर या वेळी आया बसल्या होत्या. मागच्या वर्षी एकटी मंचावर आलेली ती मुलगी आता चौथीत होती. तिने एक धडा मोठ्याने वाचून दाखवला. तिची आई अगदी पुढे येऊन बसली होती. तिला स्वतःला वाचता येत नव्हते. मुलगी अडखळली की आईचे ओठ हलत.

चार दिवसांनी ती आई दुकानात सामान न्यायला आली आणि म्हणाली, "औंदा पोरीला नेत न्हाई. म्हातारीजवळ ठिवते." आदल्या वर्षीही मुलगी आजीकडेच होती, पण जानेवारीत ती आजारी पडली म्हणून पुढचे दीड महिने तिला फडात नेले होते आणि संमेलनापुरते परत पाठवले होते, हे मला तेव्हा कळले. धाकट्या भावाला सांभाळायला तिला या वर्षीही नेण्याचे ठरले होते. गाडीत ठेवलेली तिची पत्र्याची पेटी त्यांनी उतरवून घेतली. एका संध्याकाळच्या कार्यक्रमाने हे झाले, असा दावा मी करणार नाही. आईने आपले मूल वाचताना पाहिले आणि निर्णय घेतला, एवढे मात्र मी डोळ्यांनी पाहिले.

पण मूल गावात राहिले म्हणजे काम संपले, असे नाही. किंबहुना तेथे ते सुरू होते. आजीचे वय सत्तरीच्या घरात, डोळ्याला कमी दिसते, गुडघे धरलेले. तिच्यावर दोन-तीन नातवंडांचा भार. शासनाच्या योजना आहेत. हंगामी वसतिगृहांची योजना सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून चालत आली आहे. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांच्या जेवणाखाणाची सोय गावातच करून त्यांची शाळा सुटू नये, हा तिचा हेतू. जी मुले बरोबर जातात त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड असते. ते दाखवले की दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली आणि पहिल्या टप्प्यात आपल्या जिल्ह्यातील पाथर्डी व जामखेड या तालुक्यांची निवड झाली. या योजना गरजूपर्यंत पोचण्यासाठी अर्ज भरणारा, कागद जोडणारा, वेळेवर आठवण करणारा कोणीतरी गावात लागतो. गावातील अर्धी कर्ती माणसे हंगामावर असताना तो कोण असणार? बाजारपेठेतील दुकानदार बाराही महिने गावात असतो. अर्ज भरणे आणि कागद सांभाळणे हा तर आपला नित्याचाच उद्योग.

आमच्या गावात आम्ही चार-पाच दुकानदारांनी मिळून थोडे काही केले, ते सांगतो. त्यात कौतुक करण्याजोगे काही नाही. कोणालाही करता येईल, म्हणून सांगतो. ज्या आजी-आजोबांकडे नातवंडे आहेत, त्यांच्या नावाची वेगळी वही ठेवली. हंगाम संपेपर्यंत त्यांना रोख भावाने किराणा द्यायचा, उधारीचा भाव वेगळा लावायचा नाही आणि पट्टा पडल्यावर हिशेब करायचा. दर रविवारी संध्याकाळी एक तास दुकानातील फोन मुलांसाठी मोकळा ठेवला. फडात आईजवळ फोन असेल त्या दिवशी तोंडदेखली भेट होते. औषधाच्या दुकानदाराने आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपण्यापूर्वी घरी पोचवण्याचे मनावर घेतले. माझ्या सुनेने शनिवारी शाळेत जाऊन मुलांचे वाचन घ्यायला सुरुवात केली. आणि शाळेच्या भिंतीवर कोणाचेही नाव लिहायचे नाही, असे आम्ही आपसांत ठरवले. हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण गेले, हेही प्रांजळपणे सांगतो.

आमची एक फजितीही झाली. पहिल्या वर्षी आम्ही सर्व मुलांना स्वेटर वाटले आणि हंगामावर गेलेल्यांच्या मुलांना ओळीत वेगळे उभे केले. दुसऱ्या दिवशी निम्मी मुले स्वेटर न घालता आली. बाईंनी सांगितले, त्या मुलांना आता सगळे ‘कारखान्याची’ म्हणून चिडवतात. मदत करताना माणसाला वेगळे उभे करायचे नसते, हे आम्हाला आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी शिकवले.

हे सारे आपल्याला नवे वाटू नये, कारण आपल्या समाजाच्या इतिहासात याचा वस्तुपाठ आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोजच्या जैन कुटुंबात झाला. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली, पुढे साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. वसतिगृहातील मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही हकीकत महाराष्ट्र जाणतो. आपण ती त्यागाची कथा म्हणून सांगतो. मला आता तीतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. शाळा काढली म्हणजे खेड्यातील मुले शिकतील, असे भाऊरावांनी गृहीत धरले नाही. मूल कुठे राहील, काय खाईल, त्याला घरासारखे कोण पाहील, याचा विचार त्यांनी शाळेइतकाच केला आणि त्यासाठी स्वतःचे घर पुढे केले. आज रयतेच्या कितीतरी शाळा आपल्या जिल्ह्यात आहेत.

पाथर्डी तालुक्याला तर याहून जवळचा वारसा आहे. आचार्य आनंदऋषिजी महाराजांचा जन्म १९०० साली याच तालुक्यातील चिचोंडी गावी झाला. १९१३ मध्ये मिरी येथे त्यांनी दीक्षा घेतली. पाथर्डी येथे १९२३ मध्ये श्री तिलोक जैन पाठशाळेच्या रूपाने जे बीज पडले, त्याचे पुढे विद्यालय झाले आणि त्यात परिसरातील सर्व समाजांची मुले शिकत आली. आपल्या पूर्वजांनी कोरडवाहू मुलखात शाळा काढली तेव्हा त्यांच्या पुढ्यात कोणाची मुले बसली होती? आपल्या गिऱ्हाइकांची, शेजाऱ्यांची, गड्यांची आणि आपलीही, एकाच बाकावर. आज आपली मुले बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही, माझीही नातवंडे तेथेच आहेत. मात्र त्यामुळे एक झाले. पूर्वी सरकारी शाळा आपलीही होती, आता ती ‘त्यांची’ झाली. वर्गातील बाक सुटला आणि मंचावरील खुर्ची तेवढी राहिली.

मूळ दुखणे पाण्याचे आहे, हे मी विसरलेलो नाही. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर पाणलोटाची कामे केली, विहिरींना पाणी आले आणि पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे गावात परतली. ज्या दिवशी आमच्या डोंगरात तसे होईल त्या दिवशी संमेलन फेब्रुवारीत घेतले तरी चालेल. ते होईपर्यंत निदान तारीख तरी आपल्या हातात आहे.

या जिल्ह्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव लाभले आहे. त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा, जामखेड तालुक्यातील चौंडीचा. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माची तीनशे वर्षे आपण साजरी केली. ३१ मे रोजी शाळा बंद असतात, म्हणून अनेक ठिकाणी जयंतीला प्रतिमापूजन होते आणि पुढे काही होत नाही. पण विचार केला तर तीच तारीख आमच्यासारख्या गावांना सर्वांत सोयीची आहे. पट्टा पडलेला असतो, माणसे घरी आलेली असतात, पेरणीला अवकाश असतो, बाजारही फार तापलेला नसतो. शाळा उघडण्यापूर्वी त्या दिवशी मैदानावर गावाने एकत्र बसावे, नव्याने पहिलीत येणाऱ्या मुलांचे स्वागत करावे, हंगामावर असताना मुलांनी काय लिहिले, काय चितारले ते आईवडिलांपुढे मांडावे, असा प्रस्ताव आम्ही समितीपुढे ठेवला आहे. तो मान्य झाला तर वर्षातून दोनदा तरी त्या मुलांच्या आया सतरंजीवर बसलेल्या दिसतील.

गावोगावची परिस्थिती वेगळी असते. कोठे ऊसतोड असेल, कोठे वीटभट्टी, कोठे मेंढरे घेऊन जाणारी कुटुंबे, कोठे कांद्याच्या काढणीत गुंतलेली. तेव्हा दिवाळीपूर्वीच संमेलन घ्या, असा माझा आग्रह नाही. सांगणे एवढेच की तारीख ठरवण्यापूर्वी त्या शाळेतील मुलांचे आईवडील कोणत्या दिवसांत गावात असतात, हे कोणीतरी विचारले पाहिजे. आणि घरोघरी जे गाणे, जी कला, जी विद्या आहे, ती मंचावर यावी. भाड्याने आणलेला वारसा परत करावा लागतो.

म्हणून एक विनंती करतो. या वर्षी गुरुजी पावतीपुस्तक घेऊन आपल्या दुकानाची पायरी चढतील तेव्हा रक्कम सांगण्यापूर्वी त्यांना बसवून घ्यावे, चहा द्यावा आणि विचारावे, "गुरुजी, संमेलन कधी आहे? आणि त्या दिवशी मुलांचे आईवडील गावात असतील ना?" उत्तर ‘नाही’ असे आले तर तारीख बदलण्यासाठी आपल्याकडून काय व्हायला हवे, हेही विचारावे. कदाचित ते आपल्याला पैशांऐवजी एक संध्याकाळ मागतील. हंगामातील असली तरी ती द्यावी.

त्या आजीला दाखवायला माझ्या फोनमध्ये आता तिच्या नातीचा फोटो आहे. वाचताना घेतलेला. मागे तिची आई बसलेली दिसते.

विचार व्हावा.